दुसऱ्या खड्ड्यातले वाल

समाजाची खरी ओळख त्याच्या ग्रंथांत नसते, देवळांत नसते. तो काय टाकून देतो यात असते. हे वाक्य मी आजवर निदान सहा व्यासपीठांवरून ऐकलं आहे आणि सहाही वेळा मान डोलावली आहे. पनवेलच्या आसपासचा समाज काय टाकून देतो हे मोजण्यात माझी नोकरीची एकवीस वर्षं गेली. डोळ्यांना सगळ्यांत जास्त दिसली ती पिऊन टाकलेली शहाळी. त्यावरून या समाजाबद्दल काढता येण्यासारखा निष्कर्ष एकच : त्याला तहान फार लागते.

माझं काम कचराभूमीवर येणाऱ्या कचऱ्याचं मोजमाप करून त्याचा अहवाल वर पाठवण्याचं. लग्नकार्यात कुणी "आपण काय करता?" विचारलं की मी "सर्वेक्षण" म्हणायचो. "कशाचं?" हा पुढचा प्रश्न येताना दिसला की पानं मांडली वाटतं, असं म्हणून उठायचो.

कचरा मोजायचा कशाला, असं अनेकांना वाटतं. टाकलेल्या वस्तूचा हिशेब कोण ठेवतो? पण खड्डा कधी भरणार, हे आधी कळावं लागतं. आमचा खड्डा म्हणजे डोंगराच्या कुशीतली एक जुनी दगडखाण. तिच्यातल्या दगडखडीवर आजूबाजूच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि मग त्याच वसाहतींचा कचरा तिच्यात येऊ लागला. यात न्यायबिय काही नव्हता. खड्डा तयार होता आणि तिथपर्यंत रस्ता होता.

सुरुवातीला मोजणीची पद्धत साधी होती. फाटकावर वही. गाडी आली की गाडीचा नंबर, आणि पुढे 'भरून'. गाडीच्या हौद्यात किती घनमीटर माल मावतो ते ठाऊक असायचं. फेऱ्यांनी गुणलं की झाला दिवसाचा कचरा. एक चालक रोज झाडांच्या छाटलेल्या फांद्या उभ्या रचून आणायचा. वरून बघावं तर जंगल, आत हात घालावा तर हवा. दुसऱ्याची गाडी मासळीबाजारातून यायची, तिच्यात बोट शिरायला जागा नसायची. वहीत दोघेही सारखे : एक गाडी, भरून. मी एकदा 'पाऊण' असं लिहिलं, तर फाटकावरचा कारकून दुखावला. "साहेब, पाऊण कुणी लिहीत नाही," तो म्हणाला. "चौकशी होते."

म्हणून दर वर्षी पावसाळा संपल्यावर मी स्वतः खाणीत उतरून मोजणी करायचो. काम किचकट दिसतं, पण आहे सोपं. तिपाईवर दुर्बीण बसवायची. समोर एका माणसाने आकडे रंगवलेली उंच पट्टी सरळ धरून उभं राहायचं. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचला की त्या जागेची पातळी कळते. दहा-दहा मीटरवर चुन्याचे ठिपके टाकून असं सगळीकडे फिरलं आणि गेल्या वर्षीच्या पातळ्यांशी ताडून पाहिलं, की खड्डा नेमका किती भरला ते निघतं. अंगाला आठवडाभर वास राहतो. बायको त्या आठवड्यात माझ्याशी फोनवर बोलणं पसंत करायची.

मग वजनकाटा आला.

जून महिना होता, धो-धो पाऊस, तरी उद्घाटन थाटात झालं. काट्याच्या लोखंडी पाटावर नारळ फोडला. मग छायाचित्रासाठी सगळे मान्यवर पाटावर चढले आणि आतल्या खोलीतल्या पडद्यावर त्यांचं एकत्रित वजन उमटलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षातली सगळ्यांत अचूक नोंद तीच असावी.

काट्याची कीर्ती लांब पसरली. एका गृहसंकुलाचे निवृत्त अध्यक्ष स्कूटरवर पुढे पिशवी ठेवून आले. आपल्या संकुलाचा कचरा किती कमी आहे याचा त्यांना लेखी दाखला हवा होता. मी समजावलं की हा काटा ट्रकसाठी आहे, वीस किलोच्या आतलं त्याला काही दिसत नाही. ते हटले नाहीत. पिशवीसकट स्कूटर पाटावर घेतली, मग पिशवी उतरवून घेतली. दोन्ही वेळा आकडा तोच. "म्हणजे फरक शून्य," ते म्हणाले. "तसं लिहून द्या." मी लिहून दिलं, कारण ते खरंच होतं. पुढे त्यांच्या फाटकावर 'शून्य कचरा संकुल' अशी पाटी लागल्याचं मी स्वतः पाहिलं.

तेव्हा मी त्यांना हसलो होतो. सहा महिन्यांत माझ्यावर हसण्याची पाळी दुसऱ्या कुणाची तरी होती.

काटा आल्यावर वरून कळवण्यात आलं की आता खाणीत उतरायची गरज नाही. संगणक रोजचं वजन घेईल, त्यावरून घनफळ काढेल आणि खड्डा कधी भरणार तेही सांगेल. त्याला माझ्याकडून फक्त एक आकडा हवा होता : एक घनमीटर कचऱ्याचं वजन किती? तो आकडा माझ्याकडे तयार होता. मे महिन्यात एक मीटर लांब, रुंद, उंच असा लाकडी खोका करून, त्यात फावड्याने कचरा भरून, मी तो तोलला होता. आकडा दिला, खाली सही केली. 'मे महिना' हे दोन शब्द लिहिले नाहीत. त्यांना रकाना नव्हता.

आता हिराबाई. खाणीच्या अगदी लगत, जराशा चढावर तिचं शेत. शेत तिचं म्हणायचं ते सवयीने. जमीन संपादनात जाऊन खूप वर्षं झाली होती आणि नकाशावर त्या शेताचं नाव 'खड्डा क्र. २ (प्रस्तावित)' असं होतं. पण पहिला भरेपर्यंत दुसऱ्याची गरज नव्हती, म्हणून तिला कुणी हटकत नव्हतं. पावसाळ्यात ती भात लावायची आणि भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरायची. वालाला वरून पाणी लागत नाही. जमिनीत राहिलेल्या ओलीवर तो वाढतो. पण ओल असेतो पेरावा लागतो, नंतर पेरून उपयोग नाही. तिच्या वालाला पनवेलच्या बाजारात नाव होतं. उरणला दिलेली तिची मुलगी सासरच्या सगळ्या आळीसाठी न्यायची.

दर वर्षी भात झोडून झालं की ती कुंपणाशी येऊन एकच प्रश्न विचारायची. "मापवाले साहेब, औंदा वाल पेरू का नको?" मी मोजणी बघून सांगायचो, "पेरा." माझ्या अहवालाची अशी वाट पाहणारी ती एकटीच होती. वरच्या कार्यालयात तो इतक्या आतुरतेने कुणी वाचत नसे.

त्या वर्षी ती आली तेव्हा माझ्या हातात संगणकाचा कागद होता. "नको, हिराबाई," मी म्हणालो. "खड्डा मार्चमध्ये भरतोय. भूमिपूजन ठरलंय. महिनाभरात तुमच्याकडे मशीनं येतील."

"भरतंय? कोन बोल्ला?"

"संगणक."

"त्यो कदी आल्ता खड्ड्यावर?"

मी हसलो. ती हसली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून कुंपणाला हात लावून उभी राहिली. मग निघून गेली. मला वाटलं, विषय संपला.

दहाबारा दिवसांनी ती परत आली. "साहेब, माज्या बांधावर या जरा. लांब नाय."

गेलो. तिने मला बांधावरच्या एका मोठ्या दगडावर बसवलं. "मी हितं बसून भाकर खाते. रोज. समोर बगा. काय दिसतंय?"

"खाणीचा काठ."

"शकीलचा डोझर दिसतंय?"

शकीलभाई हा आमचा डोझर चालवणारा, पनवेलच्या मोहल्ल्यातला. ऐन तरुणपणातली वर्षं आखातात वाळू ढकलण्यात घालवून आला होता. त्याच्या डोझरची धडधड ऐकू येत होती, पण दिसत काही नव्हतं. "नाही," मी म्हणालो.

"खड्डा भरत आला तं डोझर कचऱ्यावं चढून वर याया पायजे ना? त्याचा पिवला टप तरी दिसाया पायजे. मागल्या साली दिसत नवता, औंदाबी दिसत नाय. मंग तुमचा भरला कुठं?"

मी म्हणालो, ते इतकं सोपं नसतं. आपल्याला उत्तर येत नाही तेव्हा शिकलेला माणूस हेच म्हणतो. माझ्याकडे दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा होता. तिच्याकडे एक डोझर होता, आणि तो दिसत नव्हता.

त्या रविवारी मी कपाटातून दुर्बीण काढली. तिच्या पेटीत पालीची अंडी होती. खाणीवर पोचलो तर शकीलभाई डोझरला ग्रीस लावत बसला होता.

"सर, इतवारी कचरा मोजायला?" तो काळजीने म्हणाला. "घरात सगळं खैरियत आहे ना?"

पट्टी त्याच्या हातात दिली. दुर्बिणीतून बघतो तर पट्टी डोलतेय. काठावर हिराबाई येऊन उभी होती.

"ए शकील! सरल धर ना! हलदीला नाचतंस का?"

"चाची, पाय रुततोय इथं. तुमी या ना धरायला, एवढं वाटतं तर."

"आले," ती म्हणाली आणि खरंच आली. काष्टा खोचून, चुन्याच्या एकेका ठिपक्यावर ती पट्टी घेऊन उभी राहत गेली. दिवसभरात पट्टी एकदाही कलली नाही. मी कौतुक केलं तर म्हणाली, "डोक्यावं तीन-तीन हंडे घेऊन डोंगुर उतरलीय मी. या काठीचं काय मोठं."

मंगळवारपर्यंत आकडेमोड झाली. खड्डा निम्मासुद्धा भरला नव्हता.

चूक कुठे झाली ते शोधायला मला एक रात्र लागली आणि सांगायला एक मिनिट पुरेल. कोरडा टॉवेल आणि ओला टॉवेल बादलीत सारखीच जागा घेतात, पण ओला उचलून बघा. आमचा काटा जूनमध्ये सुरू झाला. तेव्हापासून तो भिजलेला कचरा तोलत होता. संगणक ते वजन माझ्या मे महिन्यातल्या कोरड्या खोक्याने भागत होता, आणि कचऱ्यातल्या पाण्याचंही घनफळ काढून खड्डा भरत होता. दुसरं म्हणजे, बाजारातून आणलेली मेथीची जुडी ओट्यावर केवढी दिसते आणि कढईत किती उरते, हे कुठल्याही घरात ठाऊक असतं. मी मोकळा भरलेला खोका तोलला. खाली शकीलभाईचा डोझर तोच कचरा दाबून कढईतल्या मेथीएवढा करत होता. काटा बरोबर होता. संगणक बरोबर होता. चुकीचा आकडा एकच, आणि त्याखाली माझी सही.

कार्यकारी अभियंत्यांच्या टेबलावर भूमिपूजनाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. हिराबाईचं शेत त्यांत 'नियोजित स्थळ' या नावाने आलं होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"अहवालावर सही तुमची आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"हो. म्हणूनच आलो."

"मांडववाला उद्या खड्डे घ्यायला येतोय. पाहुण्यांची वेळ घेतली आहे. आणि तुम्ही मला सांगताय की एक बाई दगडावर बसून डोझर बघते?"

"बघत नाही, साहेब. दिसत नाही, हाच मुद्दा आहे."

माझा नवा अहवाल त्यांनी टेबलावर ठेवून घेतला. नोकरी जाते की नुसती बदली होते, याचा अंदाज घेत मी घरी आलो. खरं सांगायचं तर ते अहवाल खणात टाकून पुढे जातील, असंच मला वाटलं होतं. मी मोठ्या पदावरच्या माणसांबद्दल फारशी आशा बाळगत नाही. त्याने जेवण चांगलं पचतं. या एका बाबतीत मी चुकलो, आणि चुकल्याचा आनंद आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब चकाकत्या बुटांनिशी बांधावर हजर. मांडववाल्याचा टेम्पो रस्त्यावर उभा होता, बांबू अजून उतरवले नव्हते. हिराबाईने साहेबांना आधी आपला आजा इंग्रजांविरुद्धच्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात होता ते सांगितलं. सरकारी माणूस दिसला की ती हे सांगतेच. त्याने बोलणी बरोबरीच्या पायरीवर सुरू होतात, असा तिचा अनुभव आहे. मग तिने त्यांना त्या दगडावर बसवलं.

साहेब दोन-तीन मिनिटं बसले. डोझरची धडधड येत होती.

"दिसला?" हिराबाईने विचारलं.

"नाही."

"मंग वाल पेरू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे केलेला मोजणीचा तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.

"पेरा," ते म्हणाले.

सरकारी कामात इतक्या लहान शब्दाचा आदेश मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

टेम्पो बांबूंसकट परत गेला. अर्थात पाहुण्यांची वेळ एकदा घेतली की कार्यक्रम रद्द होत नसतो. मोजणीसाठी एक पक्की खूण लागते, कधी न हलणारी, जिच्यापासून सगळ्या पातळ्या धरायच्या. ती आजवर खाणीत होती, दरडीबरोबर कधीही खाली जाईल अशी. साहेबांनी हिराबाईचा तो बसायचा दगडच खूण म्हणून ठरवला. त्याला पांढरा रंग दिला, भोवती फीत लावली, आणि पाहुण्यांनी 'आधुनिक मोजणी प्रणाली'चं उद्घाटन म्हणून ती फीत कापली. दगड तिथे हिराबाईच्या सासऱ्याच्या आधीपासून होता. टाळ्या झाल्या. हिराबाई शकीलभाईला मोठ्याने म्हणाली, "झालं यांचं तं उठव त्यांना. मना भाकर खायाचीय."

इथवर गोष्ट गोड आहे, पण एक गोष्ट राहते. मी "नको" म्हटल्यापासून साहेब "पेरा" म्हणेपर्यंत अडीच आठवडे गेले होते. तेवढ्यात चढावरच्या निम्म्या शेताची ओल उडाली. तिने दाणे टाकले, पण त्या अर्ध्यात काही उगवलं नाही. ती मला एका शब्दाने बोलली नाही. ज्या अहवालांवर माझ्या सह्या आहेत त्यांपैकी बहुतेक मी विसरलो. ते तांबडं, मोकळं अर्धं शेत मात्र माझ्या नावावर आहे, असं मी धरतो.

खालच्या अर्ध्यात वाल भरपूर आले. माघात तिने बांधावर पोपटी लावली आणि मला आणि शकीलभाईला बोलावलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यात वालाच्या कोवळ्या शेंगा मीठ-ओवा लावून भरायच्या, वर पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. शकीलभाईने दोन डझन अंडी आणली होती, तीही आत गेली. मडकं उघडल्यावर जो वास सुटला त्यापुढे कचराभूमीचा वास पहिल्यांदाच हरलेला मी पाहिला. पाटीभर शेंगा भरून आत गेल्या होत्या, शिजून निघाल्या त्या पाऊण पाटी.

"बगा, साहेब," हिराबाई म्हणाली, "बसल्या खाली." आणि शकीलभाईकडे वळून, "मापवाल्यांना मोजून नको देऊ. त्यांचा हिशेब चुकतंय."

पुढच्या वर्षापासून मी खोका दर महिन्याला भरून तोलला आणि आकड्यापुढे महिन्याचं नाव लिहिलं. त्यासाठी रकाना नव्हता. मी पट्टी घेऊन आखला. वर्षातून दोनदा खाणीत उतरलो. पट्टी धरायला हिराबाईच असायची. शकीलभाईला ती पट्टीला हात लावू देत नसे. हळूहळू वसाहतींतून ओला कचरा वेगळा येऊ लागला, त्याचं खत व्हायला लागलं. सगळ्यांनी वेगळा केला असं म्हणणार नाही. पण मोजण्याइतक्यांनी केला, कारण मी मोजत होतो. खड्ड्याचं आयुष्य दर अहवालात थोडं पुढे सरकत गेलं. माणसांच्या बाबतीत हे उलटं होतं, म्हणून मला त्या तक्त्याचं फार अप्रूप होतं. मी निवृत्त होईपर्यंत हिराबाईने कुंपणाशी येऊन तिचा प्रश्न आणखी नऊ वेळा विचारला. नऊही वेळा मी आधी खाणीत उतरलो, मग "पेरा" म्हणालो, आणि ओल असताना म्हणालो.

अधूनमधून जातो. पांढरा रंग उडाला आहे, पण दगड हललेला नाही. त्यावर बसलं तर अजून डोझर दिसत नाही.

वार्षिक अहवालाचा छापील नमुना मात्र कुणी बदलला नाही. त्यात खड्डा क्रमांक दोनची एक ओळ असते आणि ती कोरी सोडता येत नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी ती नियमाप्रमाणे भरली. जमा झालेला कचरा : शून्य. शिल्लक क्षमता : पूर्ण. शेरा : वालाचं पीक उत्तम. पंधरा दिवसांत अहवाल मंजूर होऊन आला.